मागच्या घरचा गणपती

बेसिंगस्टोक
१२ ऑगस्ट २००६

ती. बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे. आईला सांगा, डाळ-तांदूळ लंडनमधल्या ईलिंगहून आणतो, उपाशी नाही.

कामाने मात्र डोकं उठलंय. आमचं सॉफ्टवेअर जहाजाने जाणाऱ्या मालाचं. मलावी देशाला समुद्रच नाही, त्यामुळे माल शेजारच्या देशाच्या बंदरात उतरतो. आता त्या शेजाऱ्याने काहीतरी नवी परवानगी मागितलीय आणि दवाखान्यांचे फ्रिज महिनाभर धक्क्यावर पडून आहेत. मॅनेजर मलाच विचारतो, "यात एवढं अवघड काय आहे?" काय सांगू त्याला? वाट दुसऱ्याच्या हातात असली की सगळंच अवघड!

परवा फोनवर म्हणालात, मागच्या घरातल्या सदाकाकांशी वाजलं, म्हणून आपल्या अंगणाच्या फाटकाला कुलूप घातलंत. अगदी खुशीत सांगत होतात. पण बाबा, त्यांचा गणपती विसर्जनाला आपल्याच अंगणातून समुद्रावर जातो ना? त्यांना दुसरी वाट आहे कुठे? भांडण काकांशी, गणपतीने तुमचं काय घोडं मारलंय?

बीपीच्या गोळ्या घेताय ना? माझ्यावर चिडू नका. चिडणारच असाल तर खुशाल चिडा, पण आधी फाटक उघडा.

तुमचा,
हर्षद