पहिला नग

सोमवार, १४ ऑक्टोबर
सकाळचे सात

चिरंजीव बारक्या,

दादाचा आशीर्वाद. घेशील की नाही ठाऊक नाही, रीतीप्रमाणे लिहिला. इकडे सगळं ठीक. तुझा ताप उतरला असेल. मी दवाखान्यात दोनदा आलो होतो. दुसऱ्या खेपेला तुझ्या बायकोनं जिन्यातच स्टीलचा डबा माझ्या कपाळावर फेकून मारला. तीन टाके पडले. तिचा नेम चांगला आहे. माझी तक्रार नाही.

दुकानाची बातमी अशी, की त्या शिडीवाल्या कंपनीनं आपल्यावर लावलेल्या दाव्यामुळे आपली शिडी विकायला कोर्टाची मनाई आहे, ती अजून उठलेली नाही. आपली वेबसाइट उघडली की शिडीच्या जागी पांढरा चौकोन दिसतो. गिऱ्हाइकं खाली शिव्या लिहितात. गेल्या आठवड्यात कंपनीचा माणूस गोदामात पाहणीला आला. त्यानं शिडी उघडली, तू बनवलेली खिट्टी आपोआप खटकन बसली, आणि तो म्हणतो कसा, "आमच्या पेटंटची हुबेहूब नक्कल!" मी त्याची गचांडी धरून त्याला शिड्यांच्या चळतीवर आपटला. त्याच्या नाकातून रक्त आलं, चष्म्याचा भुगा झाला. आपल्या वकीलबाई मधे पडल्या म्हणून निभावलं. "तुमचे हात बांधून ठेवायला हवेत," म्हणाल्या.

हातांचा विषय निघालाच आहे, तर लिहितो. डब्याच्या नि चष्म्याच्या गोष्टी सांगून मी टाळत होतो.

तू दवाखान्यात गेलास त्या दिवशी वकीलबाईंनी एकच गोष्ट मागितली होती. कंपनीनं पेटंटचा अर्ज करण्याआधी ही खिट्टी आपल्याकडे होती, याचा पुरावा. तू मान खाली घालून म्हणालास, "पहिला नग मी मोडला." आपल्या वर्कशॉपची रीतच ती, बाबांनी घालून दिलेली. पहिला नग ऐरणीवर ठेवायचा, तुटेपर्यंत घण मारायचा, कुठे तुटतो ते बघायचं आणि मगच दुसरा करायचा. तुकडे भंगारात. तुझं काहीच चुकलं नव्हतं. वकीलबाई गेल्या आणि मी शटर खाली ओढलं.

"दादा, चुकलं माझं, अरे ऐक तरी," तू म्हणत होतास. मी कानफटात मारली. तू पडलास, ऐरणीचा आधार घेऊन उठायला लागलास. मी घण उचलला. "असाच मोडलास ना? असाच?" म्हणत तुझ्या उजव्या हातावर दोन घाव घातले. पहिल्याला तू किंचाळलास. दुसऱ्याला फक्त हाडांचा आवाज आला. रक्त माझ्या चपलेवर गळत होतं आणि तू मलाच धीर देत होतास, "हात प्रेस मशीनमध्ये सापडला म्हणून सांगू. घाबरू नकोस."

डॉक्टरांना तू तेच सांगितलंस, पोलिसांनाही. तीन बोटं गेली तरी तेच.

आता खरं ऐक. पुरावा होता, आणि तो माझ्याकडे होता. पहिला नग दाखवायला तू आलास, तेव्हा मी तुझ्या नकळत मोबाइलवर फोटो काढला. त्याच संध्याकाळी तो कंपनीला ईमेलनं पाठवला. खिट्टी कशी बसते ते सगळं लिहिलं आणि खाली लिहिलं, कल्पना माझी आहे, विकत घ्याल का? तुझं नाव कुठेही नाही. उत्तर आलं नाही. अकरा महिन्यांनी त्यांनी पेटंटचा अर्ज केला.

नोटीस आली त्याच दिवशी मला सगळं कळलं होतं. ईमेल दाखवली असती तर तुलाही कळलं असतं. म्हणून गप्प बसलो, आणि तू माझ्यासमोर चूक कबूल करत राहिलास. ते मला सहन होईना, बारक्या. म्हणून मारलं. मी नीच माणूस आहे.

शुक्रवारी ईमेल वकीलबाईंना दिली. त्या खुर्चीतून उठल्याच. "चोरलेलं पेटंट टिकत नाही! दावा त्यांच्यावरच उलटवू." मग त्यांनी फोटो पडद्यावर मोठा केला. "हा हात कोणाचा? त्या माणसाला कोर्टात उभा करू. तळहातावर भाजल्याची खूण आहे बघा, जुळली की झालं काम."

खिट्टी तुझ्या उजव्या तळहातावर आहे. पाचही बोटं ताठ, नखांत ग्रीस.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी निकाल लागू द्या, नंतर काय ते कबूल करा." पण निकाल लागला की मी बोलणार नाही. मी स्वतःला ओळखतो. म्हणून आज अकराला पोलिसांत जाऊन लिहून देतोय.

तू साक्षीला ये. हात खिशात घालू नकोस. बोटं कुठे गेली असं विचारतील, तेव्हा माझं नाव सांग. मला माहीत आहे, तू मला वाचवायला बघशील. या वेळी वाचवू नकोस.

तुझा हात मोडणारा,
दादा