फॉर्मवरच्या सात खुणा

३ जुलै

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी मिळालं. फोन न करता पत्र का लिहिलंस ते कळलं मला. फोनवर मीच बोलत राहते आणि तू 'हो ताई, हो ताई' करत राहतेस. म्हणून मीही कागदच घेतला.

इकडचं सगळं ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो, पण उतरताना कुरकुरतो. गुडघाही आणि भावोजीही. शाळेला रंग देणं चाललंय, त्यामुळे माझी पहिली सध्या प्रयोगशाळेत भरते. अडतीस मुलं आणि चहूकडे काचेच्या नळ्या. दिवसभर मी 'हात लावू नका' एवढा एकच विषय शिकवते.

तुझ्या भिंगरीला नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंस हे बरं केलंस. सुट्टीतल्या शिबिरात ती बाथरूमला कडी लावून बसली आणि नंतर अकरा दिवस बोलली नाही, हे मी तुझ्या भावोजींनाही वाचून दाखवलं. या बाईंना आधीचं एडीएचडीचं, म्हणजे अतिचंचलपणाचं, निदान पटत नाही, ऑटिझम असावा असं वाटतं, आणि सहा वर्षांची असताना ती वर्गात कशी वागायची हे त्यांना हवंय, असं तू लिहितेस. तिची वर्गशिक्षिका मीच होते, तेव्हा मला आठवत असेल, असंही.

तीन वर्षं झाली गं त्याला. दरवर्षी नवी मुलं येतात. चुळबुळी होती, हुशार होती, एवढं आठवतं. तेव्हाच्या डॉक्टरांसाठी मी भरलेल्या फॉर्मची प्रत कपाटात असेल, पण रंगकामात कपाटं हलवलीत आणि किल्ली कुणाकडे आहे त्याचा पत्ता नाही. सापडली की पाठवते.

तू मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टर बदलला की मत बदलतं.

तुझी,
ताई


११ जुलै

प्रिय धाकटे,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, म्हणून सरळ लिहिते.

तुझं दुसरं पत्र काल आलं. त्यातलं एक वाक्य मी शाळेत, घरी, भाजी निवडताना, सारखं वाचते आहे. 'ताई, शाळेच्या फॉर्ममध्ये असं काहीच नव्हतं, म्हणजे हे इथे आल्यावरच झालं. मी घर बदललं, नोकरी धरली, तिला पाळणाघरात ठेवलं, त्यानेच माझी पोर अशी झाली.'

तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. ती तशीच होती. मला माहीत होतं.

मागच्या पत्रात मी आठवत नाही म्हटलं ते खोटं होतं. कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे. आणि किल्लीची गरजही नाही, तो फॉर्म मला पाठ आहे. तीन पानं होती. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकटी, 'कधीच नाही', 'कधीकधी', 'नेहमी'. जागेवर बसत नाही, काम अर्धवट टाकते, सूचना ऐकून घेत नाही, या सगळ्यांपुढे मी 'नेहमी'वर खूण केली. त्यात खोटं काही नव्हतं.

शेवटच्या पानावर सात प्रश्न होते. हाक मारल्यावर वळून बघते का. इतर मुलांच्या खेळात जाते का. ठरलेला क्रम बदलला तर अस्वस्थ होते का. आवाजाचा त्रास होतो का. असेच. त्या साती ठिकाणी मी असं उत्तर दिलं की वाचणाऱ्याला वाटावं, या बाबतीत पोरीला काही अडचण नाही. पेनने, विचार करून.

आता जे पाहिलं होतं ते सांगते. त्या वर्षी वर्गात आणखी एक मुलगी होती, सगळे तिला फुलबाजी म्हणायचे. फुलबाजीही जागेवर बसायची नाही. खिडकीत माशी आली की गणित सोडून माशीमागे. बाहेर गडबड ऐकू आली की सगळ्यांत आधी दारात. प्रत्येक खेळात घुसायची, आपली पाळी यायच्या आत पळायची, भांडण झालं की दोन मिनिटांत गळ्यात पडून मोकळी. तिला रोज काहीतरी नवं हवं असायचं.

आपली भिंगरीही पळायची. फॉर्मवर दोघींची खूण एकाच चौकटीत. पण फुलबाजी आवाजाकडे पळायची आणि भिंगरी आवाजापासून. घंटा व्हायच्या आधीच तिचे हात कानांवर गेलेले असायचे, कारण घड्याळाचा काटा कुठे आला की घंटा होते हे तिला ठाऊक होतं. मी बाकांची जागा बदलली त्या दिवशी ती आपल्या जुन्या जागी, रिकाम्या जमिनीवर, मांडी घालून बसली आणि उठवलं तर किंचाळली. आणि ज्या पोरीचं लक्ष लागत नाही असं मी लिहून दिलं, ती बटणांचा डबा घेऊन, दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे अशी पाऊण तास लावत बसायची. मी शेजारी जाऊन तीनदा हाक मारली तरी मान वर नाही.

घरीदारी ती गोल गोल फिरायची म्हणून भिंगरी हे नाव मीच ठेवलं. ती का फिरते हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मला तर विचारायला शिकवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी आमचं प्रशिक्षण झालं होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, 'मूल किती पळतं ते मोजू नका, कशामुळे पळतं ते बघा.' मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

तू विचारशील, मग का? गेले आठ दिवस मी एक उत्तर तयार करून ठेवलं होतं. त्याच वर्षी मोठ्या बाईंनी ऑटिझम असलेल्या एका मुलीला 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून प्रवेश नाकारला होता. भिंगरीलाही काढतील याची मला भीती वाटली. हे खरं आहे. पण अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे मला लाज वाटली. चंचल भाची चालण्यासारखी होती, शिक्षकांच्या खोलीत तिच्यावर हसून बोलता येत होतं. दुसरा शब्द मला माझ्या घरात नको होता.

आणि तुला तर दिसलं होतं गं. आठवतं, शाळेच्या फाटकापाशी तू म्हणालीस, 'ताई, मला हिचं काहीतरी वेगळंच वाटतं. ही माझ्याकडे बघते, पण मला शोधत नाही.' मी काय म्हणाले? 'तू एका मुलीची आई आहेस, मी दरवर्षी चाळीस बघते.'  त्यानंतर तू मला भिंगरीबद्दल कधीच काही विचारलं नाहीस, जे सांगेन ते करत गेलीस. नाचाचा वर्ग, पोहणं, दर दहा मिनिटांनी नवा खेळ, गर्दीची शिबिरं. फुलबाजीला हे सगळं मानवलं असतं. भिंगरीच्या कानांवरचे हात मात्र आम्ही तीन वर्षं खाली ओढत राहिलो. बाथरूमची कडी तिने लावली, पण तिथपर्यंत तिला मी आणलं.

सोबत सहा पानं आहेत. त्या वर्षातलं जे जे आठवलं ते डॉक्टरीणबाईंसाठी लिहिलंय, आणि फॉर्ममधली कुठली सात उत्तरं मी चुकीची दिली तेही. खाली माझं नाव, हुद्दा, सही. एक प्रत मोठ्या बाईंना दिली. त्या म्हणाल्या, 'हे लेखी द्यायची काय गरज होती?' मी म्हटलं, 'तेही लेखीच दिलं होतं.'

माफ कर असं म्हणत नाही. तो शब्द लिहिला की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुला आणखी एक काम लावायचा मला हक्क नाही.

ताई


२९ जुलै

ताई,

पत्र मिळून पंधरवडा झाला. डॉक्टरीणबाईंसाठीची पानं लगेच नेऊन दिली. तुझं पत्र मात्र एका बैठकीत वाचता आलं नाही. भिंगरीचे बाबा म्हणाले, फाडून टाक. फाडलं नाही.

निदान झालं. बाईंनी चार वेळा बोलावलं, तिच्याबरोबर जमिनीवर बसून खेळल्या, तुझी पानं दोनदा वाचली. ऑटिझम आहे. आणि लक्षाची अडचणही आहे, तीही खरीच. दोन्ही एकत्र असू शकतं, आणि एक जास्त दिसतं तेव्हा दुसरं झाकलं जातं, असं त्या म्हणाल्या. म्हणजे तू फॉर्ममध्ये वर जे लिहिलं होतंस ते चूक नव्हतं. तू खालचं लपवलंस. मी बाईंना विचारलं, 'माझ्यामुळे झालं का?' त्या म्हणाल्या, 'नाही. तुम्ही तर पहिल्यांदा ओळखलं होतं, इथे लिहिलंय.' तुझ्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या. तिथे मी रडले, आणि रडताना तुझा इतका राग आला की सांगता येत नाही. तो अजून गेलेला नाही. जाईल असं आज तरी वाटत नाही.

नाचाचा वर्ग बंद केला. शाळेत घंटेच्या वेळी ती कानाला ते मोठे हेडफोन लावते. रोजचा क्रम कागदावर लिहून दारावर चिकटवलाय. परवापासून रात्री जेवताना बोलते, थोडं, बहुतेक करून बटणांबद्दलच.

काल म्हणाली, 'मावशी कधी येणार?' मी म्हटलं, 'येईल लवकर.' ती म्हणाली, 'लवकर म्हणजे किती तारीख?'  मला तू इतक्यात नको आहेस. पण विचारलंय तिने, मी नाही.

तेव्हा एक तारीख ठरव आणि कळव. पुढच्या महिन्यातली नको, त्यानंतरची. ती कागदावर लिहून दाराला लावेल. एकदा लावली की बदलता येणार नाही, पाऊस असो, शाळा असो, तुझा धीर सुटो. विचार करून लिही.

तिची आई