निळ्या पिंपावरचा गणपती

मंगळवार, अंगारकी

वकील म्हणाले, "ताई, ड्रग्ज बनवले नसतील, पण त्याला लागणारं केमिकल परवान्याशिवाय विकत घेणं हाच गुन्हा. दहा वर्षंही होऊ शकतात."

दहा वर्षं! ह्यांनी कारखान्याच्या शेठच्या सांगण्यावरून सही करून केमिकलची पिंपं आणली. रिकामं झालेलं एक निळं पिंप मीच घरी मागवलं. मीरा रोडला पाणी दिवसाआड, फुकटचं कशाला सोडा?

झडतीला आलेला हवालदार हसला, "लेबलवर गणपती? बाई, बाप्पालाही आरोपी केलंत!" पिंप नेलं, ह्यांनाही नेलं.

लेबल ओंगळ दिसायचं म्हणून झाकलं, असं मी सगळ्यांना सांगितलंय. देवा, इथे वहीत तरी खोटं कसं लिहू? लेबलवरचं 'परवान्याशिवाय खरेदी करू नये' हे मी वाचलं होतं. ह्यांना विचारलं नाही. वर तुझं चित्र चिकटवलं आणि पाणी भरलं.