गुलाबाच्या फांद्यांचा करार

ता. ४ मार्च

ती. स्व. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

आतोबांनी कुंपणाशी लावलेल्या गुलाबावर काळे ठिपके कधीच पडत नाहीत, हे मी प्रयोगशाळेत बोलून बसले आणि आमचे सर मागेच लागले. त्याच्या चार फांद्या हव्यात. पण विद्यापीठ असं काही नुसतं उचलत नाही, म्हणून करार पाठवते आहे. फांद्या संशोधनालाच वापरायच्या, दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत आणि त्यातून नवी जात निघाली तर विकण्याआधी तुझ्याशी वेगळा करार करायचा, असं त्यात आहे. रागावू नकोस.

तुझा लोभ सहीनंतरही राहावा.
भिंगरी

ता. ११ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

लहानपणी न विचारता कळ्या खुडायचीस, तेव्हा कुठे होता गं तुझा करार? चार फांद्यांना चार पानं! माझं डोकंच फिरलं. शेजारचे वकील म्हणाले, कागद सरळ आहे. पण उरलेली रोपं काम संपल्यावर ‘परत करावीत किंवा नष्ट करावीत’, हे मला खटकलं. हे गेल्यापासून सकाळचा चहा मी त्या झाडापाशीच घेते. यांच्या हातचं झाड कुणी नष्ट करायचं नाही. ते शब्द खोडून सही केली आहे. चालत नसेल तर फांद्या विसरा.

सगळ्यांना आशीर्वाद, तुझ्या सरांनाही.
आत्या

ता. २० ऑगस्ट

चि. भिंगरीस अ. आ.

मी दवाखान्यात गेले असताना जमिनीखालचा पाण्याचा नळ बदलायला माणसं आली. परत येऊन पाहते तर कुंपणाशी खड्डा, आणि गुलाब मातीबरोबर गाडीत भरून गेलेला. त्यांना तरी काय माहीत? पण यांना दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटतंय गं. सकाळचा चहा आता कुठे बसून घेऊ? तुमच्याकडे एखादं रोप जगलंय का? की करारात आत्यालाही बंदी आहे?

तुझी,
आत्या

ता. २६ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवणावरून उठले आणि तशीच काचघरात गेले. आमचं काम नुकतंच संपलंय. बाकी बागांमधून आणलेली उरलेली रोपं करारानुसार जाळली. तुझी जाळता आली नाहीत. तू शब्द खोडलेस तेव्हा करार सांभाळणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला होता; आज त्यांनीच रोपं मोजून माझ्या ताब्यात दिली. बंदी दुसऱ्यांना आहे, तुला कशी असेल?

शनिवारी घेऊन येते. एकाला कळी धरली आहे. पोचपावतीवर सही करावी लागेल, तेवढी निमूटपणे कर. खड्डा बुजवू नकोस आणि चहा दोघींचा ठेव.

लोभ असावा. हे शब्द मात्र खोडायचे नाहीत.
भिंगरी