व्याह्यांच्या पुस्तकातली खूण

अगं,

भेट आलेलं पुस्तक माणसाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं. सभ्यपणा म्हणतात तो हाच. व्याह्यांचं आत्मचरित्र मी प्रस्तावनेच्या मध्यापर्यंत वाचलं आहे.

संध्याकाळी ते जेवायला येणार आणि "काय, कुठवर आलात?" असं विचारणार. आपली लेक त्यांच्या घरात आहे, तिला खाली बघावं लागू नये म्हणून मी रोज पुस्तकातली खूण थोडी थोडी पुढे सरकवत होतो. खुणेप्रमाणे काल व्याही पाणीपुरवठा खात्यात नुकतेच चिकटले होते. आज बघतो तर खूण थेट त्यांच्या निरोपसमारंभात! मधली सगळी नोकरी कोणी केली?

तू चोरून वाचतेस, की माझी लाज राखायला तूही नुसती खूणच सरकवतेस? वाचत असशील तर जेवताना तूच बोल, मी मान डोलावीन. नसशील तर दोघांचंही कठीण आहे. माझं तर डोकंच चालेना, म्हणून निदान केस कापून येतो.

आणि हो, ते यायच्या आत खुर्चीवरचा माझा ओला टॉवेल तेवढा उचल.

— मी