गांगुलीबाबूंच्या गोळ्या

डमडम, कोलकाता
८ ऑगस्ट २०२४

ती. उषाताईस,
चंद्रकांतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. वृद्धाश्रमात रुळलोय. ऑफिसातून वेळ काढून लेक नूपुर येऊन जाते. गेल्या महिन्यात गांगुलीबाबू वारले आणि त्यांची खिडकीची खोली मला मिळाली.

ताई, हसू नकोस. त्या खिडकीपाशी एक म्हातारा बसतो. भर दुपारी, पाठमोरा, ओले केस विंचरत. पाणी फरशीवर ठिबकताना दिसतं. हात लावावा तर फरशी कोरडी. काल मी त्याला कोण हवंय म्हणून विचारलं. तो मान वळवू लागला आणि मीच डोळे मिटले. नूपुरला सांगितलेलं नाही, रडेल ती.

देखभाल करणाऱ्या नव्या आया मला गांगुलीदादू, म्हणजे गांगुलीआजोबा, म्हणतात आणि हातावर गोळ्या ठेवतात. मी चूक सुधारणं सोडलंय. कधी वाटतं, त्यांचंच बरोबर असेल.

नर्सिंगच्या मुलींना शिकवताना वर-खाली धावायला लावणारी तू आता जिना टाळतेस म्हणे! गुडघ्यांना जप, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
चंदू


सांगली
१६ ऑगस्ट २०२४

चि. चंदूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी घाबरले, मग चिडले. भुतावर नाही, त्या गोळ्यांवर. नूपुरला फोन केलाय. हे पोचायच्या आत ती येऊन तुझ्या हातावर काय ठेवतात ते बघेल आणि डॉक्टरांना दाखवेल. तुझ्या नेहमीच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नकोस.

खाट बघून औषध द्यायचं नाही, माणसाला नाव विचारायचं, हे मी जन्मभर मुलींकडून घोकून घेतलं. माझ्याच भावाला कुणी विचारू नये? दुसऱ्याच्या नावानं हाक आली तर ओ देऊ नकोस. तू चंद्रकांत आगाशे आहेस, लहानपणी होतास तितकाच हट्टी राहा.

लगेच लिही, मला चैन नाही.

तुझी,
ताई


डमडम
१ सप्टेंबर २०२४

ती. ताईस शि. सा. न.

तू म्हणालीस तेच निघालं. गांगुलीबाबूंना कंपवात होता. त्यांच्या गोळ्या औषधांच्या कपाटातल्या त्या खोलीच्या कप्प्यात तशाच राहिल्या आणि नव्या आया खोली बघून त्या मला देत होत्या. त्या गोळ्यांनी नसलेली माणसं दिसू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या थांबल्या आणि खिडकी रिकामी झाली.

नूपुर मला घरी न्यायलाच निघाली होती. मी म्हटलं, मग बाकीच्यांचं काय? तेव्हा तिनं भांडून सगळ्यांची औषधं तपासून घेतली. आता आयांना शिकवायला एक नर्सबाई येतात. एक आया माझ्यापाशी रडली. पहिल्याच दिवशी तिच्या हातात ट्रे दिला होता, शिकवलं कुणीच नव्हतं.

पण ताई, समोरच्या खोलीत शेफालीदी आहेत. मी आल्यापासून त्या झोपलेल्याच. सगळे म्हणायचे, स्मृती गेली. तपासणीत कळलं, झोपेची रात्रीची गोळी त्यांना सकाळीही दिली जात होती. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केली. परवा त्या उठून बसल्या आणि स्वच्छ आवाजात चहा मागितला.

आज त्या चांगली साडी नेसून व्हरांड्यात बसल्यात. मला म्हणाल्या, रविवार आहे, मिस्टर येतील. ते चैत्रातच गेले. शेवटचं दर्शन घडवायला घरचे न्यायला आले होते, पण त्या जाग्याच झाल्या नाहीत.

दुपार झाली. शेजारची खुर्ची त्यांनी अडवून ठेवलीय, कुणाला बसू देत नाहीत. आया आत लपल्यात. कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी निघालोय. हे बंगालीत कसं सांगतात, मला येत नाही.

आशीर्वाद असू दे.

तुझा,
चंदू