शेराच्या कुंपणामागची जागा

प्रिय गोसेगो,

आपल्या सेरोवे गावात आता सगळे तुला लेकीच्या नावाने मा-काओने, काओनेची आई, म्हणतात. मी म्हणणार नाही. शिव्या घालायच्या त्या धाकट्या बहिणीला घालाव्यात, कुणाच्या आईला घालू नयेत.

फोनवरचा तुझा निरोप ऐकला. परत लावून ऐकला, कारण पहिल्यांदा कानांवर विश्वास बसेना. "दादा, काओनेचं जमलं. मुलाकडचे शनिवारी पहाटे नवरीच्या देण्याची गुरं घेऊन येतायत. तुला हल्ली प्रवास झेपत नाही, तर तिरोचा चुलतभाऊ उभा राहील मामा म्हणून. तू नुसतं हो म्हण." किती ती काळजी! अगं, मी इथे फ्रान्सिसटाऊनला गॅरेजात अजून एकट्याने गिअरबॉक्स उचलतो. आणि तुझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ मामा कसा होईल? मामा आईच्या पाठचा किंवा पुढचा असतो. उद्या म्हणशील, गाय आटली तर बैलाचं दूध काढू.

दुसऱ्याच दिवशी काओने स्वतः आली. बसने, दोन्ही हातांत पिशव्या, वर माझ्यासाठी माग्विन्यांचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, डबा. रीत तुला कळली नाही, तिला कळली. गॅरेजच्या दारात गुडघे टेकून म्हणाली, "मामा, तुम्ही फाटक उघडल्याशिवाय माझी गुरं आत घ्यायची नाहीत, असं मी आईला सांगितलंय. ती म्हणते तुम्ही आजारी आहात. कुठे आहात आजारी? पोट तर सुटलंय!" मी खूप दिवसांनी हसलो. पोरगी थेट आपल्या आईवर गेली आहे. तुझ्यावर नाही, आपल्या आईवर.

आई आठवते का तुला? गुरांच्या वाडीवर तुला मी खांद्यावरून न्यायचो, आणि तू वरून माझ्या केसांत काटक्या खोचायचीस. घरी बैल कापला की मोठ्यांच्या आधी आपण दोघं डोक्याभोवती घोटाळायचो. आई डावाने हाकलायची. "अरे, डोकं मामाचं असतं. ओतेंग, तुझी पाळी येईल. हिला मुलगी होऊ दे, मग खा बसून." माझ्या पाळीची वाट आईनेच जास्त बघितली. काओने झाली तेव्हा तिने मला पहिलं वाक्य काय सांगितलं असेल? "लाग आता दात घासायला."

तर मग ते वर्ष आठव. साथीमुळे सगळा देश विभाग पाडून बंद केला होता. एका विभागातून दुसऱ्यात जायचं तर परवाना, रस्त्यावर जागोजागी नाकी, बिअर बंद, रात्रीचे जागर बंद, मयताला मोजकी माणसं. आई गेली हे तूच कळवलंस. रडत होतीस, ते खोटं नव्हतं, एवढं मी अजूनही मानतो. मी परवान्याला अर्ज केला. उत्तर येईना. कचेरीत उभा राहिलो तर म्हणाले, संगणक बसलाय. आईला कोण सांगणार, की बाई, संगणक उठेपर्यंत थांब?

मग मी निघालो. नाक्याच्या अलीकडे गाडीतून उतरलो आणि रानातून, गुरांच्या वाड्यांमधून चालत राहिलो. एका म्हाताऱ्याने गाढवाच्या गाडीत घेतलं, स्वतः तोंडाला फडकं बांधून पुढे बसला आणि मला मागे कडब्यावर बसवलं. "तुझ्या आईला पोहोचव, पण माझ्यावर खोकू नकोस," म्हणाला. मी रोगाला भीत नव्हतो असं नाही. म्हणून तर फाटकातून आत आलोच नाही. परसातल्या शेराच्या झाडांच्या कुंपणामागे थांबलो, आणि तुला फोन करून म्हणालो, "मी कुणाला शिवत नाही, लांब राहीन, शेवटी माती लोटायला फक्त हाक मार." तू म्हणालीस, "थांब तिथेच, दादा. हलू नकोस."

मी हललो नाही. फांद्यांच्या फटीतून शवपेटी दिसत होती. आणि फाटकातून तिरोच्या साहेबाची मोठी गाडी आत येताना दिसली. तो माणूस राजधानीतून आला होता, दुसऱ्या विभागातून, बरोबर बायको आणि ड्रायव्हर. तू दवाखान्यातली आरोग्यसेविका. गावाला हात धुवायला शिकवणारी, अंतर ठेवा म्हणून ओरडणारी. तू त्याला वाकून नमस्कार केलास आणि पुढची खुर्ची दिलीस. नियमाला डोळे असतात हे तेव्हा कळलं. नियम माणूस बघत नाही, गाडी बघतो.

बायकांनी भजन धरलं आणि तेवढ्यात मागून पोलीस आले. मला चालवत नेलं. शाळेच्या वसतिगृहात कोंडलं, नाकात काडी घातली. रोग निघाला नाही. बाहेर आलो तेव्हा आईवर माती पडून गेली होती. एकुलता एक मुलगा, आणि माझ्या हाताचं फावडंभर तिच्यावर नाही. तिथे कुणी फावडं मारलं, विचारलं तर कळलं, तिरोच्या साहेबाने. फोटोसाठी.

तू मला तेव्हा सांगितलंस, शेजारच्या मा-तेबोने पोलिसांना कळवलं. "ती जळकी आहे दादा, तिला बघवलं नाही." मी मानलं. त्या बाईने आपल्याला लहानपणी ताक पाजलं, आणि आईच्या मयतापासून मी तिच्या रामरामाला उत्तर दिलेलं नाही. गेल्या थंडीत तिची गाडी बंद पडली तर तिच्या मुलाला मी दारातून घालवून दिलं. हेही तुझ्याच खात्यावर.

कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत गॅरेजात एक पोलीस आला, मोलेफी नावाचा, गाडीचे शॉक गेले म्हणून. माझ्याकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "अहो, तुम्ही ते कुंपणामागचे निळ्या जाकिटातले ना? तुमच्या बहिणीने बरोब्बर खूण सांगितली होती. म्हणाल्या, मागून या, पुढून नको. गवगवा करू नका, पाहुणे आलेत." त्याला वाटलं, मला ठाऊक असणार. मी मान हलवली आणि त्याचे शॉक बदलून दिले. चांगले बदलले. त्याच्यावर माझा राग नाही.

रोगाच्या भीतीने केलं असतंस तर मी गिळलं असतं. तसं तोंडावर सांगितलं असतंस तर कुंपणामागूनच आईला हात जोडून परत फिरलो असतो. तू मला तिथे थांबवून ठेवलंस, जाळ्यात ससा ठेवावा तसा. साहेबापुढे मळका भाऊ नको होता, एवढंच. तिरोला बढती मिळाली असं ऐकतो. लखलाभ.

तेव्हापासून या दिवसाची वाट बघतोय, गोसेगो. कधीतरी तुझ्या फाटकाशी गुरं येतील आणि आत घ्यायचा शब्द माझा असेल, हे मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं, म्हणून तर भाड्याचा मामा शोधलास. काओनेला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिची गुरं परत जाणार नाहीत, तिच्या लग्नाला माझ्यामुळे नख लागणार नाही. मी शनिवारी पहाटे येतोय, निळं जाकीट घालून. मुलाकडच्यांना फाटक मीच उघडीन, बोलणी मीच करीन, डोकं मीच खाईन. मा-तेबोला घेऊन येईन आणि गुरं आत येताना बायका आनंदाने आरोळी देतात तो पहिला गजर तिलाच करायला सांगेन. नवरीच्या आईचा तो मान, पण त्या वेळी काओनेची आई तिथे नसेल.

त्यासाठीच हे पत्र. याला तुझा परवाना समज. तुला फाटकाशी यायची परवानगी नाही. मागच्या परसात जा, शेराचं कुंपण अजून तसंच आहे, फांद्यांच्या फटीतून बरंच दिसतं, आवाज तर सगळा ऐकू येतो. तिथे थांब. हलू नकोस. शेवटची गाय आत गेली की मी हाक मारीन. मी हाक मारीन, तू मारली नव्हतीस. आणि तुझी लेक किंवा कुणी म्हातारी शोधत तिकडे आली, आई इथे का म्हणून विचारलं, तर खरं काय ते सांग. तेवढा धीर नसेल तर म्हण, गवगवा करू नका, पाहुणे आलेत.

तुझा, निळ्या जाकिटातला भाऊ,
ओतेंग